चारशे वेळा शिकवणारा गुरू आणि पंचविसांचा वर्ग : ज्यू शाळा आणि शिकायला अडणारी मुलं



आजचा विषय पहिल्यांदा ऐकला तर जरा दूरचा वाटेल. ज्यू शाळांमध्ये ज्या मुलांना शिकताना विशेष मदत लागते, त्यांचं काय होतं? वाचनात अडखळणारं मूल, लक्ष न ठरणारं मूल, कमी ऐकू येणारं मूल, बोलता न येणारं मूल. मी या प्रश्नाकडे टीकाकार म्हणून बघणार आहे, म्हणजे ग्रंथांच्या बाजूनं. या शाळांमध्ये अशा मुलांविषयी बोलायची वेळ आली की काही ठरावीक कथा हमखास सांगितल्या जातात. देणग्यांच्या सभेत, शिक्षकांच्या शिबिरात, पालकांच्या बैठकीत त्याच त्या. आपण त्या कथा नीट वाचू. मग त्या शाळेच्या वेळापत्रकावर ठेवून बघू, टिकतात का ते.

आणि हो, विषय अगदी परकाही नाही. वल्हांडणाच्या रात्री ज्यू घरांत जो ग्रंथ वाचतात, ती हगादा, ती १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली होती. पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा सुरू केली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. म्हणजे ज्या पहिल्या कथेपासून मी सुरुवात करणार आहे, ती कोकणातल्या कुटुंबांनी मराठीत वाचलेली आहे.

ही कथा चार मुलग्यांची. हगादा म्हणते, इजिप्तमधून सुटकेची गोष्ट मुलांना सांगायची, पण मुलं चार तऱ्हेची असतात. एक शहाणा, एक दुष्ट, एक भोळा, आणि चौथा, ज्याला प्रश्नच विचारता येत नाही. प्रत्येकाला वेगळं उत्तर. शहाण्याला नियम समजावून सांगायचे, दुष्टाला खडसावायचं, भोळ्याला दोन वाक्यांत सांगायचं. चौथ्याच्या बाबतीत मात्र उत्तर द्यायला प्रश्नच नाही. तिथे आईबापांना सांगितलंय की तूच त्याच्यासाठी उघडून दे. त्या 'उघड' या अर्थाच्या हिब्रू शब्दाचा उच्चार साधारण 'पताख'. अमेरिकेत १९७०च्या दशकात पालकांनी अशा मुलांसाठी एक संस्था काढली, तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून नेमका हाच शब्द तयार होतो. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

विशेष शिक्षणाच्या शिबिरांत या कथेचा अर्थ असा लावतात : बघा, आमच्या परंपरेला दोन हजार वर्षांपूर्वीच माहीत होतं की प्रत्येक मूल वेगळं शिकतं! ऐकायला छान आहे. पण कथेत खरंच हे आहे का? कथेत आहेत ती चार लेबलं. एका मुलाला एक. शहाणा तो शहाणाच, भोळा तो भोळाच. आता खऱ्या वर्गातलं मूल बघा. तोंडी वादात चौघांना गप्प करणारी मुलगी पान समोर आलं की एका ओळीत तीनदा अडखळते. ती शहाणी की भोळी? आणि वैतागून पुस्तक फेकलं की? लगेच दुष्ट! वाचता न येणाऱ्या किती मुलांना शाळांनी 'दुष्ट' या खान्यात टाकलंय, याचा हिशेब कुठल्याच देशात कोणी ठेवलेला नाही.

पण याच कथेची एक जुनी आवृत्ती आहे, जेरुसलेम तालमूदमध्ये. तिथे भोळ्याला भोळा म्हटलेलं नाही, सरळ मूर्ख म्हटलंय. शब्द जास्त कठोर आहे. गंमत पुढे आहे. आपल्या ओळखीच्या हगादेत जो बारीक नियम शहाण्याला शिकवतात, वल्हांडणाच्या जेवणानंतर काय करायचं नाही त्याचा, तो नियम या आवृत्तीत मूर्ख म्हटलेल्या मुलाला शिकवलाय. आणि हगादेत भोळ्याच्या वाट्याला येणारं साधं उत्तर इथे शहाण्याला मिळालंय. तोच धडा, पण दोन ग्रंथांत दोन वेगळ्या मुलांना. माझ्या दृष्टीनं ही अदलाबदल चारही लेबलांपेक्षा मोलाची आहे. कारण ती सांगते की कोणता धडा कोणाला झेपेल हे मुलाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. शिबिरांत ही आवृत्ती फारशी सांगत नाहीत, आणि सांगायला हवी ती हीच.

आता दुसरी कथा, सगळ्यात लाडकी. रब्बी परेदा. बॅबिलोनी तालमूदच्या एरुविन या भागात ती येते. परेदांचा एक शिष्य होता, त्याला प्रत्येक पाठ चारशे वेळा सांगावा लागायचा. तेव्हा कुठे तो त्याला यायचा. एके दिवशी परेदांना काही धर्मकार्यासाठी बोलावणं आलं. ते आधी शिकवायला बसले, चारशे वेळा सांगून झालं, पण त्या दिवशी शिष्याला काही येईना. परेदांनी विचारलं, आज काय वेगळं झालं? शिष्य म्हणाला, तुम्हाला जायचंय हे कळल्यापासून माझं चित्त उडालं. प्रत्येक क्षणाला वाटत होतं, आता गुरुजी उठतील, आता उठतील. परेदा म्हणाले, लक्ष दे, मी शिकवतो. आणि आणखी चारशे वेळा शिकवलं. तेव्हा आकाशवाणी झाली : तुला चारशे वर्षांचं जास्तीचं आयुष्य हवं, की तुला आणि तुझ्या पिढीला परलोकातलं स्थान? त्यांनी दुसरं मागितलं, देवानं दोन्ही दिलं.

गोष्ट सुंदर आहे, वादच नाही. पण ती शिक्षकांना आदर्श म्हणून सांगतात तेव्हा माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप. शिष्याला नाव नाही. गुरूचं नाव आहे, गुरूचं बक्षीस आहे, वर्षांचा आकडासुद्धा आहे. शिष्य पुढे काय शिकला, त्याचं काय झालं, कथेला पर्वा नाही. मूल हे शिक्षकाच्या पुण्याचं साधन होऊन बसतं. आपल्याकडेही 'अशा मुलांची सेवा' म्हणताना हेच होतं, नाही का?

दुसरा आक्षेप पद्धतीचा. तोंडी पाठांतराच्या काळात पुन्हा पुन्हा सांगणं हीच शिकवण्याची रीत होती, म्हणून परेदांना मी दोष देत नाही. पण आजच्या शिक्षकाला ही कथा सांगून आपण काय शिकवतो? की मुलाला येत नसेल तर तेच अजून सांग, अजून हळू सांग, अजून वेळा सांग. वाचनदोष असलेल्या मुलाला चारशे वेळा तेच पान वाचायला लावलं तर चारशे वेळा अपयश पदरी पडतं. त्याला हवी असते वेगळी वाट. अक्षर आणि आवाज यांचं नातं पायरीपायरीनं, बोटानं गिरवून, कानानं ऐकून, तोंडानं म्हणून शिकवणारी. या रीती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अमेरिकेत विकसित होत आल्या आहेत. आठशे वेळा सांगायचा संयम त्यांची जागा घेऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. एक गुरू, एक शिष्य, आठशे वेळा. पगार कोण देणार? बाकीच्या मुलांना कोण बघणार? कथेत याचं उत्तर आकाशवाणी देते. शाळेच्या अंदाजपत्रकात आकाशवाणीचा रकाना नसतो.

तरी या कथेत एक सोन्याचं वाक्य आहे, आणि ते शिष्याच्या तोंडी आहे. त्या दिवशी त्याला का आलं नाही? बुद्धी कमी पडली म्हणून नाही, तर शिक्षक आता उठून जाणार या धास्तीनं. ज्यांच्या शाळेत मदतनीस शिक्षक दर सहा महिन्यांनी बदलतो, देणगी आटली की वर्ग बंद होतो, त्यांनी हे वाक्य भिंतीवर लावावं. आणि परेदांचा खरा मोठेपणाही तिथेच आहे. ते चारशे वेळा बोलले यापेक्षा, त्यांनी थांबून शिष्याला कारण विचारलं आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवला, हे मला मोठं वाटतं.

आता मी ज्या मजकुराची बाजू घेणार आहे तो बघू. तो कमी सांगितला जातो, कारण त्यात डोळ्यांत पाणी आणणारं काही नाही. बावा बात्रा या भागाचं २१वं पान. शेजाऱ्यांची भांडणं, भिंती, गल्लीतला त्रास असल्या विषयांच्या मधोमध अचानक शाळा येते. तालमूद सांगतो : आधी मुलाला बाप शिकवायचा. ज्याला बाप होता तो शिकला, नव्हता तो राहिला. मग जेरुसलेममध्ये शिक्षक नेमले. पण तिथेही बापच मुलाला घेऊन जाणार, म्हणजे पोरकं मूल पुन्हा बाहेर. मग प्रत्येक प्रांतात नेमले, आणि सोळा-सतरा वर्षांची मुलं पाठवायला लागले. ती शिक्षक रागावला की उठून चालती व्हायची. शेवटी येहोशुआ बेन गमला यांनी प्रत्येक गावात शिक्षक नेमायचं ठरवलं आणि सहा-सात वर्षांची मुलं आणली.

काय चाललंय हे लक्षात घ्या. दर टप्प्याला विचारलंय, या व्यवस्थेतून कोण सुटलं? आणि व्यवस्था बदललीये. मुलाला नाही. पुढे रावा आकडाच देतो : एका शिक्षकाला पंचवीस मुलं. पन्नास झाली तर दोन शिक्षक. चाळीस असतील तर एक मदतनीस, आणि त्याच्यासाठी गावानं हातभार लावायचा. इथे कोणाच्या संयमाची स्तुती नाही, आकाशवाणी नाही. आहे फक्त पटसंख्या, नेमणूक आणि पैसे कोण देणार याचं उत्तर. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्यू शाळेला शिकायला अडणाऱ्या मुलांसाठी आपल्या परंपरेत आधार हवा असेल, तर तो परेदांच्या कथेपेक्षा या रुक्ष पानावर जास्त भक्कम आहे.

याच पानावर राव हे रब्बी शमुएल बर शेलात या शिक्षकाला सांगतात की जो शिकतो तो शिकेल, जो शिकत नाही त्याला सोबत्यांच्या संगतीत राहू दे. अकराव्या शतकातला भाष्यकार राशी याचा अर्थ लावतो : त्याला फार मारू नकोस, वर्गातून काढूही नकोस. इतरांबरोबर बसू दे, शेवटी त्याचं लक्ष लागेल. तेव्हाच्या मानानं हे फार पुढचं आहे. पण इथेही थांबून चालणार नाही. नुसतं बसू देणं म्हणजे शिकवणं नव्हे. आज पुष्कळ शाळा 'समावेशन' म्हणतात आणि करतात एवढंच, की मागच्या बाकावर जागा देतात.

आणखी एक छोटी कथा, हगीगा या भागातली, मग आपण ग्रंथ मिटू. रब्बी यहूदा हनासींच्या शेजारी दोन मुके भाऊ राहायचे. रब्बी अभ्यासगृहात गेले की तेही मागोमाग जाऊन बसायचे, मान डोलवायचे, ओठ हलवायचे. रब्बींनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, ते बरे झाले, आणि काय आढळलं? त्यांना नियम, भाष्यं, सगळं सगळं येत होतं! म्हणजे इतकी वर्षं ते शिकतच होते. कमतरता होती ती त्यांच्याकडून ते काढून घेण्याच्या साधनाची. त्या काळात त्याला चमत्कार लागला. आज हातवाऱ्यांची भाषा, चित्रफलक, बोलणारं यंत्र, तोंडी परीक्षा एवढं पुरतं. ज्या कायदेपरंपरेनं बहिऱ्या-मुक्याला बहुतेक धर्मकर्तव्यांतून वगळलं, तिनंच ही कथाही जपून ठेवली. हा ताण लपवायला नको.

आता शाळेत येऊ. ज्यू डे स्कूलमधल्या मुलाचा दिवस म्हणजे दोन शाळा एका दिवसात. अर्धा दिवस गणित, विज्ञान, इंग्रजी. अर्धा दिवस हिब्रू, तोरा, वरच्या इयत्तांत तालमूद. एक लिपी डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. हिब्रूत बेत आणि काफ, दालेत आणि रेश, हे आणि खेत ही अक्षरं इतकी सारखी दिसतात की बारीकशा रेघेवर अर्थ फिरतो. स्वर म्हणजे अक्षरांखालचे ठिपके आणि रेघा. आणि मूल जरा सरावलं की तेही काढून घेतात, कारण तोराच्या गुंडाळीत स्वर नाहीत, विरामचिन्हं नाहीत. तालमूदच्या पानावर तर भाषाही अरामी होते आणि भाष्याची लिपी वेगळी. मुलगा तेरा वर्षांचा झाला की सगळ्या मंडळींसमोर त्या गुंडाळीतून वाचायचं. ज्याला वाचन अवघड, त्याला अनेकदा ध्वनिमुद्रण ऐकवून पाठ करून घेतात. समारंभ पार पडतो, फोटो निघतात, मूल वाचायला मात्र शिकलेलं नसतं.

मग मदत कधी द्यायची? वाचनाच्या जादा तासासाठी मुलाला कुठून तरी उचलावं लागतं. तोराच्या तासाला उचललं तर त्याला कळतं की आपण त्या गोष्टीला पात्र नाही, जिच्यासाठी ही शाळा आहे. गणिताला उचललं तर तिथे मागे पडतो. सुट्टीतून उचललं तर मित्र जातात. या प्रश्नावर कुठलीही कथा उपयोगी पडत नाही. वेळापत्रक करणाऱ्यानं बसून सोडवावा लागतो.

कायद्याचं काय? अमेरिकेत १९७५ साली अपंग मुलांना मोफत आणि योग्य शिक्षण देण्याचा मोठा कायदा झाला. सरकारी शाळेतल्या मुलाला त्यानं वैयक्तिक हक्क दिला. पण आईबापांनी स्वतःहून खासगी धार्मिक शाळेत घातलेल्या मुलाला तो हक्क तसा नाही. त्या सगळ्या मुलांसाठी मिळून निधीचा एक प्रमाणशीर वाटा ठेवायचा, आणि सेवाही धर्मनिरपेक्ष विषयांच्याच. इंग्रजी वाचनाला मदत मिळू शकते, हिब्रू वाचनाला नाही. आणि अपंगांशी भेदभाव नको म्हणणारा १९९०चा कायदा? त्यातल्या सार्वजनिक सोयींविषयीच्या भागातून धार्मिक संस्था, त्यांच्या शाळांसह, वगळलेल्या आहेत. म्हणजे जिथे सरकार थांबतं तिथून पुढे शाळेची स्वतःची जबाबदारी सुरू होते. आणि तिथे बहुतेक वेळा बिल आईबापांच्या हातात ठेवतात.

किर्यास जोएलचा खटला यासाठी बघण्यासारखा आहे. न्यूयॉर्क राज्यातलं सातमार हसिदी लोकांचं गाव. मुलं-मुली सगळी खासगी धार्मिक शाळांत. अपंग मुलांना तिथल्या सरकारी जिल्ह्याचे शिक्षक मुलींच्या शाळेलगतच्या इमारतीत येऊन शिकवत. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनंतर ते बंद झालं. मुलांना बाहेरच्या सरकारी शाळांत जावं लागलं. वेगळे कपडे, वेगळी भाषा, अनोळखी माणसं. मुलं घाबरली, आईबापांनी काढून घेतली. १९८९पर्यंत त्या गावातलं एकच मूल त्या शाळांत उरलं होतं. तेव्हा राज्यानं कायदा करून गावापुरता वेगळा सरकारी शाळा-जिल्हा काढला. त्याची शाळा धर्मनिरपेक्ष होती आणि फक्त अपंग मुलांसाठी होती. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदा रद्द केला : राज्यानं एका धर्मपंथाची सीमा बघून सत्ता दिली म्हणून. मग नवे कायदे, नवे खटले, आणि १९९९च्या कायद्यानंतर जिल्हा टिकला.

न्यायालयाची भीती खोटी नव्हती. पण वाद कशावर झाला बघा : सीमारेषेवर. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी सहमतीच्या मतात एक साधी गोष्ट मांडली, की मुलं घाबरत होती तर शेजारच्या शाळेतल्या मुलांना सहिष्णुता शिकवता आली असती. बरोबर आहे. पण त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न कोणीच जोरात विचारला नाही : भाऊ-बहिणी ज्या शाळेत जातात, त्या शाळेत या मुलाला जागा का नव्हती? खटला राज्याविरुद्ध होता, म्हणून तो प्रश्न न्यायालयासमोर आलाच नाही. समाजासमोर मात्र तो यायला हवा होता.

तर माझा निष्कर्ष. परंपरेत या मुलांसाठी पुरेसं प्रेम आहे, कथा आहेत. त्या कथांनी दयाळू शिक्षक घडवले, हेही खरं. पण दया ही शिक्षक दमला की संपते. शाळेनं बावा बात्राचं ते पान घ्यावं आणि दर वर्षी तोच जुना प्रश्न विचारावा : आपल्या व्यवस्थेतून या वर्षी कोण सुटलं? प्रवेश नाकारलेली मुलं किती, मध्येच गेलेली किती, मदतनीस किती आणि त्यांचा पगार कोण देतं. आणि एक बलस्थान या शाळांकडे आधीच आहे : खवरुता, म्हणजे दोघांनी मिळून, मोठ्यानं वाद घालत शिकणं. वाचायला अडणारं पण बोलण्यात तरबेज असलेलं मूल तिथे पहिल्यांदा बरोबरीनं उभं राहतं. जोडीदार वाचतो, हा प्रश्न विचारतो. मात्र परीक्षा पुन्हा लेखीच घेतली, तर ती सगळी कमाई पाण्यात.

एका श्रोत्यांचा प्रश्न आलाय : मग अशा मुलांचे वेगळे वर्ग नकोतच का? नको असं मी म्हणणार नाही. काही मुलांना काही काळ लहान, शांत वर्ग लागतो. मघाशी ज्या पालकांच्या संस्थेचा उल्लेख केला, तिनं नेहमीच्या यशिवांच्या आवारातच वेगळे वर्ग चालवले, ते मला पटतं. कारण प्रार्थना, जेवण, खेळ एकत्र राहतं. मी दोनच गोष्टी तपासेन. वेगळ्या वर्गातून परत यायची तारीख आणि अट लिहून ठेवलेली आहे का? आणि तिथल्या मुलाला विचारलंय का, तुला इथे काय अडतं? परेदांनी विचारलं होतं.